बारानंतर चौदा

शिकागोतल्या आमच्या उंच इमारतीत लिफ्टसाठी रांग होती. माझ्या पुढे शेजारचे आजोबा आणि त्यांची पाच वर्षांची नात, टेसा.

"आजोबा, बाई म्हणाल्या, मी आकड्यांच्या गाण्यात तेरा गाळते."

"गाळ खुशाल. सूर बरा लागतो तुझा."

"शाळेत शर्टाची बटणं मोजतानाही गाळते. चौदा होती, मी पंधरा सांगितली."

"मोजायला शिकवलं कुणी तुला?"

"तुम्हीच. लिफ्टमध्ये. बारानंतर चौदा."

"लिफ्टमध्ये तेरा नसतोच. लोक अपशकुनी मानतात. तुझी आजी तर फारच."

"मग बाराव्याच्या वर लगेच कोण राहतं?"

"आपण. चौदाव्यावर."

"पण बाई म्हणतात, बारानंतर तेराच येतो. म्हणजे आपण तेराव्यावर राहतो?"

"हळू बोल. तुझी आजी वीस वर्षं चौदाव्यावर सुखानं राहतेय. तिला तिथंच राहू दे."