दिसला नाही तरी दाबलेलं बटण

काचबिंदूच्या नव्या औषधाच्या चाचणीसाठी आलेल्या मास्तरीणबाई थेंब घालून, डोळे मिटून बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक शिंपी आणि त्याची बायको कुजबुजत होते.

“अहो, नजरेच्या तपासणीत यंत्रात उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं होतं ना?”

“दिसला नाही तरी दाबलं. ठिपके ठेक्यात येतात गं, ताल धरला की झालं.”

“दोन वर्षं?”

“नापास झालो तर चाचणीतून काढतील, औषध बंद होईल, असं वाटलं.”

“आणि डॉक्टरांना वाटलं, औषध लागू पडतंय! देवा रे! उजवा डोळा तर गेलाच ना?”

“आज डोळ्याची नस बघून म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही.”

“आता डाव्याची तपासणी आहे. या वेळी तरी खरं दाबा हो, माझी शपथ.”

“खरं दाबायचं म्हटलं, तर बटणाला हातच लागायचा नाही गं.”