गॅलरीच्या दाराला आतून कडी लावल्याबाबत

मी, तक्रारदाराची पत्नी, वय ३४ वर्षे, धंदा – विमा कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकणे (घरूनच), राहणार – तिसऱ्या मजल्यावरील एक खोली, स्वयंपाकघर व गॅलरी, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी पती व सासूबाईंसह राहते. पतीचे कामही घरूनच चालते. घरात टेबल एक आहे. पतीचे काम महत्त्वाचे असल्याने टेबल त्यांच्याकडे असते. माझे काम मी ओट्यावर, गॅसशेजारी लॅपटॉप ठेवून उभ्याने करते. याबाबत माझी तक्रार नाही, कारण ती ऐकून घ्यायला घरात कोणी मोकळे नसते.

काल दुपारी सुपरवायझरच्या जागेसाठी माझी ऑनलाइन मुलाखत होती. तेवढ्यापुरते टेबल मागितले असता पती म्हणाले, "अगं, तुला नुसतं बोलायचंय. कुठूनही बोल." म्हणून मी ओट्यापाशीच उभी राहिले.

मुलाखत चालू असता पती प्रथम चार्जर विचारण्यास आले. नंतर चहाचे विचारण्यास आले. मग पुन्हा येऊन म्हणाले, "जरा हळू बोल ना, मीटिंग चाललीये माझी." हे मुलाखत घेणाऱ्यांनीही ऐकले. मी म्हणाले, "अहो, गॅलरीत रेंज चांगली येते." ते लगेच गेले. माझा सल्ला त्यांनी लग्नानंतर प्रथमच मानला. मी आतून कडी लावली.

पतीने दार बडवले, हाका मारल्या. वर इस्त्रीचा शर्ट व खाली हाफ पँट अशा वेशात त्यांना समोरच्या इमारतीतील लोकांनी पाहिले, हे खरे आहे. सासूबाई खोलीतच होत्या. त्यांनी उठून टीव्ही बंद केला व मला म्हणाल्या, "तुझं चालू दे." कडीपर्यंत आपला हात पोचत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

पतीने गॅलरीतूनच पोलिसांना फोन केला. पोलीस आले तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांनी मला शेवटचा प्रश्न विचारला होता, की दबावाखाली डोके शांत ठेवता येते का. मी "हो" म्हणाले, सर्वांचे आभार मानले व मगच कडी काढली.

आज सकाळी निवड झाल्याचा फोन आला. काम ऑफिसात जाऊन करायचे आहे. ते कळताच पती म्हणाले, "मी तक्रार मागे घेतो, पण तू घरीच थांब. इथलं सगळं कोण बघणार?" तक्रार मागे घेऊ नये, असे मी त्यांना सांगितले आहे.

माझा जबाब मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. तो देताना पहिल्यापासून शेवटपर्यंत माझे बोलणे कोणीही मध्येच तोडले नाही, हेही नोंदवून घ्यावे ही विनंती.