अकरावं मिनिट

मिस्त्री : गाडीचा बाजूचा आरसा अर्धा तास गरम ठेवला तर बॅटरी बसेल, वहिनी. मग धक्का मारायला मलाच बोलवाल.

वहिनी : बोलवेन. पण दहा मिनिटांत तो बंद होतो आणि लगेच धुरकटतो. मला नाही चालत.

मिस्त्री : दव पुसायला दहा मिनिटं पुष्कळ झाली की. त्यानंतर काय बघायचंय आरशात?

वहिनी : ह्यांना.

मिस्त्री : वहिनी...

वहिनी : वेड लागलंय म्हणा, भावजी. पण सकाळी पिकअप सुरू केली, की डाव्या आरशात हे दिसतात. कोपरावर उसवलेला तोच करडा स्वेटर. मागची फळी लावतात, दोर आवळतात, मग मागे जाऊन हात हलवतात, येऊ दे, येऊ दे. गेले त्या दिवशीसारखं सगळं.

मिस्त्री : मन चिंती ते वैरी न चिंती. वर्ष होत आलं आता. विकून टाका ही गाडी, गिऱ्हाईक मी बघतो.

वहिनी : विकेन. आधी पुढचं बघू दे. त्या दिवशीही आरसा असाच मध्येच पांढरा झाला. मला वाटलं, हे अजून बोलावतायत. मी गाडी मागे घेत राहिले. सासूबाई म्हणतात, त्याने थांब म्हणून हात वर केलाच असणार, तुझंच लक्ष नव्हतं. केला होता का, एवढंच मला कळायला हवंय.

मिस्त्री : आणि केलेला दिसला तर? जगाल कशा?

वहिनी : आत्ता तरी कुठे जगतेय?

मिस्त्री : बरं. टायमरच काढून टाकतो. आता बटण दाबाल तेव्हाच बंद होईल. थांबा, मीही बसतो शेजारी. करा चालू.

(इंजिन सुरू होतं.)

मिस्त्री : मला तर आपलं गॅरेजचं फाटकच दिसतंय.

वहिनी : फळी लावली. दोर आवळतायत. गाठ नीट बसली नाही, परत सोडली.

मिस्त्री : गिअरवरचा हात काढा आधी.

वहिनी : गेले मागे. येऊ दे, येऊ दे. किती झाली?

मिस्त्री : दहा झाली. अकरावं लागलं.

वहिनी : काच स्वच्छ आहे, भावजी.

मिस्त्री : हात वर केला?

वहिनी : नाही. माझ्याकडे बघतच नाहीयेत. पाठ फिरवली. खिशातून फोन काढला, कानाला लावला. दुसऱ्या कानात बोट घातलंय, ऐकू येत नसेल. फोनचा चाकाखाली चुराच झाला होता, म्हणून कुणाला कळलं नाही. इतक्या सकाळी कुणाचा असेल?

मिस्त्री : बंद करा तो आरसा.

वहिनी : तुम्ही का रडताय?

मिस्त्री : फोन माझा होता.

वहिनी : काय सांगत होतात?

मिस्त्री : बॅटरी वाचावी म्हणून आदल्या संध्याकाळी मी आरशाचा टायमर दहा मिनिटांवर आणला होता. ते सांगायचं राहिलं होतं.