नव्या झऱ्यावर धुतलेल्या चादरी

मी, थेंबमोज्या (धरणावर सगळे मला याच नावाने हाक मारतात), वय ५६ वर्षे, व्यवसाय धरणाची गळती मोजणे, राहणार धरणाच्या पायथ्याची वसाहत, घर क्रमांक ११. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी थोरल्या बहिणीसोबत राहतो. बहीण दवाखान्याच्या चादरी धुते. धरणाच्या पाणी सोडायच्या दरवाजाचे सील फोडल्याची तक्रार माझ्याविरुद्ध आहे. सील मीच फोडले.

मातीचे धरण झिरपतेच. झिरपलेले पाणी आतल्या वाळू-खडीच्या थरातून गाळले जाऊन पायथ्याच्या नाल्यात येते. ते रोज सकाळी सात वाजता मोजायचे, हे माझे एकवीस वर्षांचे काम. बादली चाळीस सेकंदांत भरते. गेल्या महिन्यात ती पंचावन्न सेकंद घेऊ लागली, मग नव्वद. गळती कमी झाली म्हणून मी वहीत "समाधानकारक" असा शेरा मारला. इंजिनिअरसाहेबांनी पाठ थोपटली. मीही हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो.

काल सकाळी नऊच्या सुमारास बहिणीने एक ओली, पिवळट चादर माझ्यापुढे आपटली.

"हा रंग बघ. मेट्रन मला दारात उभी करणार नाही."

"ताई, नाल्याचं पाणी तर नितळ आहे."

"डोंबलाचं पाणी! तुझ्या नाल्यात आता रुमाल भिजत नाही. आठ दिवस झाले, मी धरणाखालच्या नव्या झऱ्यावर धुते."

नवा झरा म्हटल्यावर माझ्या तोंडचे पाणी पळाले. गळती कमी झालीच नव्हती. धरणातली बारीक माती सरकत येऊन वाळूच्या थरात अडकली होती. थर तुंबला, म्हणून पाण्याने दुसरी वाट काढली, आणि त्या वाटेवर माती अडवायला काहीच नव्हते. जाऊन पाहिले, तर अंगठ्याएवढ्या भोकातून गढूळ पाणी उसळत होते. भोवती मातीचे कडे जमले होते. धरण आतून पोखरले जात होते. खाली छत्तीस घरे आहेत.

९.२५ वाजता भोंगा वाजवला. साहेब परगावी होते. चार वेळा फोन केला, लागला नाही. लेखी हुकमाशिवाय दरवाजा उघडायचा नाही, हा नियम मला माहीत आहे. ९.४० वाजता दगडाने सील फोडले आणि तलावाचे पाणी कालव्यात सोडले.

माणसे टेकडीवर गेली. बहीण गेली नाही, शेजारचे दोघे-तिघेही थांबले. शेजारचा सुतार चिकणमाती घेऊन भोक बुजवायला निघाला होता. मी ओरडलो, "बुजवू नकोस रे बाबा! दुसरीकडून फुटेल. पाणी येऊ दे, माती अडव." मग भोकावर आधी वाळू, वर बारीक खडी, वर जाड खडी असे थर घातले. घमेली तीनच होती. बहिणीने दोन चादरी पसरल्या आणि म्हणाली, "नाहीतरी वाटोळं झालंच आहे त्यांचं." चार कोपरे चौघांनी धरून खडी वाहिली.

दुपारी ३.५० वाजता खडीत खोचलेल्या नळीतून पाणी येत होते. ते मी काचेच्या पेल्यात धरले. पेल्यातून पलीकडची चिखलाने माखलेली बहीण स्वच्छ दिसली. मला रडू आले. ती म्हणाली, "रडतोस काय? मोज." मी मोजले. बादली बेचाळीस सेकंदांत भरली.

कोणालाही इजा झाली नाही. रात्री सगळे आपापल्या घरी झोपले. तक्रार साहेबांनीच, दरवाजा उघडल्याचे कळल्यावर, दुपारी फोनवरून दिली होती. संध्याकाळी आल्यावर त्यांनी झरा पाहिला, बराच वेळ खडीवरच बसून राहिले आणि तक्रार मागे घेतो म्हणाले. मी म्हणालो, आधी जबाब होऊ द्या.

माझे म्हणणे एवढेच की, वहीतला "समाधानकारक" हा शेरा माझ्या हातचा आहे. तो खोडू नये. पुढच्या मोजणीदाराने तो वाचावा.

मुद्देमाल म्हणून जमा केलेल्या दोन्ही चादरी बहिणीला परत मिळाव्यात. त्या आता पांढऱ्या होणार नाहीत, हे मी तिला सांगितले आहे. ती बाहेर बाकावर साबण घेऊन बसली आहे.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे, कमीजास्त काही नाही, म्हणून खाली सही करतो.