ओहोटीचे पाणी

सरपंच, गावातील वडीलधारी मंडळी, आणि पेण व रोह्याहून आलेले आप्तेष्ट,

लिहिलेला कागद हातात आहे, तरी पहिले वाक्य उच्चारणे जड जात आहे. माझी पत्नी कै. सुलभा या गावची आरोग्य सेविका होती. आपण तिला नर्सबाय म्हणत होता.

आपली मुले या पुळणीवर, खाडीच्या वाळूकाठी, पोहत, आणि भर उन्हाळ्यातही जुलाबाने, कानातल्या पुवाने अंथरूण धरत. नर्सबाय म्हणाली, दोष पाण्यात आहे. तिने आत औषध घातलेली तपासणीची बाटली आणली. पाण्यात मैला असेल तर दोन दिवसांत ते काळे पडते. बाटली भरण्याचे काम तिने माझ्यावर, विज्ञानाच्या पदवीधरावर, सोपवले.

मी काय केले? बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून भरतीच्या वेळी, धक्क्याच्या पायरीवरून, बाटली भरली. पाणी काळे पडले नाही. ग्रामसभेत हशा पिकला. पारूआजी, आपणच म्हणालात, "नर्सबाय, तुझा नवरा शिकलेला हाय. त्याची बाटली साफ. आता काय समुद्राला इंजेक्शन देतेस गो?"

हसा, आजी. तीही हसली होती. मग तिने आपल्याला विचारले, पोरांना पोहायला कधी धाडता? आपण म्हणालात, "ओहोटीला. पाणी गुडघ्याएवढं, पोर बुडत नाय."

बुडू नये म्हणून ओहोटी! आणि भरतीत विरून जाणारी गावच्या गटाराची घाण ओहोटीलाच त्या उथळ पाण्यात पसरत होती. मुले आपल्या मायेने आजारी पडत होती, आणि ते सत्य माझ्या बुटांनी झाकले होते.

पुढच्या ओहोटीला ती स्वतः चिखलात उतरली. बाटली काळी पडली. ती तिने ग्रामसभेच्या टेबलावर ठेवली, आणि शेजारी उभे राहून मी माझी चूक कबूल केली.

त्या दिवशी कोणी हसले? नाही. गटार आपण वळवले. शोषखड्डे आपण खणले. मुले भरतीला पोहू लागली, आणि काठावर मोठी माणसे दोर घेऊन बसू लागली. पुढे सुलभा स्वतः आजारी पडली. दुखणे बळावले तरी ती बाटल्या भरवून घेत राहिली. गणपतीनंतर ओहोटीची बाटली दोन दिवस, चार दिवस, स्वच्छ राहिली. ती बाटली उशीशी धरून सुलभा म्हणाली, "अहो, जिंकलो आपण."

मंडळी, माझी पत्नी हरून गेलेली नाही.

आता दोन मिनिटे उभे राहू या. आपण स्तब्ध राहू. पुळणीवर मुलांचा आरडाओरडा चालू आहे. त्यांना मात्र कोणी गप्प करू नये.