एका दिवसाच्या वाटेला दही

(कोल्हापूर, १९५४. दारात टांगा उभा. सयाजी लंडनला शिकायला निघालाय. त्याची आई विठाबाई आणि आत्या आक्का चुलीपाशी.)

सयाजी : अगं, साडेचार हजार मैल असले तरी विमानानं एकच दिवस! मुंबईत बसलो की मधी कैरो, मग जिनिव्हा, की आलंच लंडन.

विठाबाई : आनि हितनं मुंबई?

सयाजी : ती… रात्रभर रेल्वे. पुण्यात गाडी बदलायची. पोचायला उद्याची दुपार होईल.

विठाबाई : म्हंजे मुंबईच लांब म्हन की. लंडन आपलं रंकाळ्याच्या अलीकडं.

आक्का : मग काय! म्हसरं धुवून येताना गडी चक्कर मारून येतील.

सयाजी : करा थट्टा. पण टांगेवाला कवाधरनं हाका मारतोय. आई, हातावर दही घाल, निघतो.

विठाबाई : दही कशाला? दही लांब जानाऱ्याला. वाडीला दत्ताच्या दर्शनाला जाऊन आलं तरी एक दिवस मोडतोय. तवा कधी मागितलंस?

सयाजी : वाडी निराळी, आई.

विठाबाई : का बरं? महिनाभर माझं कान किटवलंस, जवळ हाय, जवळ हाय म्हनून. मग जा की. सांजच्याला जेवायला ये.

सयाजी : मी जाऊ नये असंच वाटतंय तुला. सरळ सांग तसं.

विठाबाई : वाटतंय की! तीन वर्सं तोंड दिसनार न्हाय तुझं. पर तिकीट काय मला इचारून काढलंवतंस?

सयाजी : तू दही दिल्याबिगर मी उंबरा ओलांडणार नाही. रेल्वे चुकू दे, विमान जाऊ दे.

विठाबाई : बगा आक्का. साडेचार हजार मैल उडनारं पाखरू चमचाभर दह्यासाठी अडलंय.

आक्का : अडू दे. पर विठा, थोरला कृष्णात इचलकरंजीला मागावर कामाला गेला, तवा काय म्हनलीवतीस गं?

विठाबाई : त्येचं हितं काय?

आक्का : “तासाभराची तर एस्टी, त्येला दही कशाला?” शिंक्यावरनं भांडंबी काढलं न्हाईस. दोन दिवाळ्या झाल्या, पोरगं फिरकलं न्हाय. लई जवळ हाय न्हवं इचलकरंजी!

विठाबाई : माग बंद ठेवता येत न्हाय त्येला.

आक्का : व्हय व्हय. दिवाळीच्या आंघोळीलाबी समदी इचलकरंजी कापडच इनत बसती.

सयाजी : आक्का, पुरं कर आता.

विठाबाई : न्हाय, बोलू दे त्यास्नी. खरं तेच बोलत्यात… सयाजी, हात कर फुडं.

सयाजी : आई…

विठाबाई : उजवा रं! इंजनेर व्हायला निघालाय! खा समदं, सांडू नगंस. आनि डोळं पूस, टांगेवाला बगतोय.

सयाजी : येतो, आई. आक्का, येतो गं.

विठाबाई : ये, बाळा.

आक्का : … वळला टांगा. आन ते दही हिकडं, शिंक्यावर ठेवते.

विठाबाई : नगा. भांड्याला फडकं बांधा. इचलकरंजीची एस्टी कवा हाय?