बोरकाटी

—न्हाई सुग्रीवराव, त्यो हार परत घेऊन जावा. सांगा तुमच्या तालुकदार साहेबाला, जनाना दवाखान्यातली भिवराबाई सुईण येत न्हाई म्हणून. कावून म्हणून काय इचारता? बीडच्या लोकांनी सायकल चालवावी म्हणून शुक्रवारी वाजतगाजत मिरवणूक काढायची, अन् म्होरं मला बसवायचं — बघा, बायामाणसं बी चालवत्यात! अन् चालवायची कुठून? नदीपल्याडच्या पेठेत जायाला धड रस्ता हाय का? मोरी फुटलेली, खडी उघडी पडलेली, अन् गावचे रस्ते बघायचं काम तुमच्या बल्दियाचं, ती नुसती बघतीया. रस्त्याला पैका न्हाई, झेंडूच्या फुलाला हाय!

बसा, उभ्यानं ऐकू नका. डाक्टरीणबाईनं सायकल दिली तवा कासोटा घालून दवाखान्याच्या मागं शिकले मी. गुडघे फोडून घेतले, पर शिकले — पेठेतली बाई अडली तर चालत पोचायला उशीर व्हायचा म्हणून. हौस न्हवती मला. बरं, हौस बी होती थोडी — उताराला वारा लागायचा तोंडावर — असू द्या. पोरं मागं पळायची, चौकातले बाप्ये खाकरायचे. खाकरा म्हणलं.

अन् मग साखराबाईचा सांगावा आला. शहादेव कोष्ट्याची बायको, पेठेतली. बाळंतपणात अंगावरून लई जातंय म्हणून. भर दुपार. मी घरी जेवायला आलते, हे घरात न्हवते. उष्ट्या हातानं सायकल काढली — अन् आमच्याच गल्लीच्या तोंडाला बोरकाटीचा सडा! दोन्ही चाकं बसली. पळत गेले सुग्रीवराव, वहाण कुठं पडली त्ये बी कळलं न्हाई. पोचले तर पोर रडत होतं अन् साखराबाई थंडगार. शहादेव शिव्या देईल वाटलं. न्हाई दिल्या. 'बाई, आज सायकल कुठं हाय?' येवढंच इचारलं त्यानं.

लोक मातर बोलले. चाकावरच्या बाईचा पायगुण म्हणले. काटे कुणी टाकले, इचारलं का कुणी? तुमी इचारताय, आज! कोण म्हंजे? टवाळ पोरं, दुसरं कोण! बाई चाकावर बघवत न्हाई कुणाला. चौकात माझ्या नवऱ्याला बी लई टोचायचे — बायको चाकावर अन् दादला पायी! तोंड पाडून यायचे घरी. त्या सांजंला बी तसेच आले, बोटं सुजलेली. मीच सुई घेऊन काटे काढले, एकेक. कुंपण बांधत होतो म्हणले —

आमच्या घराला कुंपण न्हाई.

...असं बघू नका माझ्याकडं. मी काई बोलले न्हाई, तुमी काई ऐकलं न्हाई. हळू? हळू कावून बोलू? आत निजलेत, ऐकू द्या! मी पडंन, घरी बसंन, येवढंच असंल त्यांच्या मनात. ती मरावी असं न्हवतं, ठावं हाय मला. म्हणून का ती माघारी येती?

नदीपल्याड मंजुळाबाईचे दिस भरत आलेत. तिच्याकडं मी सायकलीवरच जानार, कुणी आडवं येऊ द्या. मिरवणुकीचे झाडूवाले त्या वाटंला लावा. मोरीवर फरशी टाका. तेवढं करा, मग सायकलीच्या गप्पा सांगा बीडला. आता उठा. न्हाई, दार लावू नका. जावा.